मर्सेन यांची यादी आणि गणिती सिद्धतेचा इतिहास : एका एकोणचाळीस अंकी मूळ संख्येच्या निमित्ताने

गोषवारा

१६४४ मध्ये फ्रेंच धर्मोपदेशक मरँ मर्सेन यांनी एका विशिष्ट रूपाच्या मूळ संख्यांची यादी सिद्धतेविना प्रसिद्ध केली. ती पूर्णपणे तपासून होण्यास १९४७ साल उजाडले. या तीन शतकांत मूळ संख्या ओळखण्याच्या रीती तर बदलल्याच, परंतु 'सिद्ध झाले' असे केव्हा म्हणावे याविषयीची समजही बदलत गेली. प्रस्तुत निबंधात या यादीतील दोन संख्यांचा, म्हणजे १८७६ मध्ये मूळ ठरलेल्या एका एकोणचाळीस अंकी संख्येचा व त्याच वर्षी संयुक्त ठरलेल्या एका एकवीस अंकी संख्येचा, इतिहास समोर ठेवून या बदलाचा मागोवा घेतला आहे.

प्रस्तावना

ज्या संख्येला १ व ती संख्या यांखेरीज अन्य विभाजक नसतो, ती मूळ संख्या, ही व्याख्या शालेय विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. १ ते १०० मधील मूळ संख्या शोधण्याची एरॅटोस्थेनीसची चाळणी आपण सर्वांनी वहीत केव्हा ना केव्हा आखलेली आहे. या चाळणीमागे एक गृहीत दडलेले असते. ते असे की, एखादी संख्या मूळ आहे किंवा नाही हे ठरविण्यासाठी तिला लहान संख्यांनी भागून पाहावे. संख्या लहान असेपर्यंत हे गृहीत चालते. ती एकोणचाळीस अंकी झाली की भागाकार हा मार्गच उरत नाही. मग ती मूळ आहे असे आपण कशाच्या बळावर म्हणतो? आणि ज्याने हे गणित स्वतः केलेले नाही, त्याने ते का मानावे? हे प्रश्न केवळ गणिताच्या अध्यापकापुरते नाहीत. कोणत्याही ज्ञानशाखेत पुरावा आणि अधिकारवाणी यांतील सीमारेषा कोठे आखावी, या व्यापक प्रश्नाचेच ते एक रूप आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक चिन्ह ठरवून घेऊ. २ या संख्येचा न-वा घात काढून त्यातून १ वजा केले असता येणारी संख्या म(न) अशी लिहू. म्हणजे म(२) = ३, म(३) = ७, म(५) = ३१ आणि म(७) = १२७. बुद्धिबळाच्या पटावरील पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दाणे दुप्पट करीत ठेवण्याची कथा सर्वपरिचित आहे. पहिल्या न घरांतील दाण्यांची एकूण संख्या म्हणजेच म(न) होय.

परिपूर्ण संख्यांचा वारसा

या रूपाच्या संख्यांकडे लक्ष वेधले जाण्याचे कारण ग्रीक परंपरेत आहे. ६ या संख्येचे स्वतःहून लहान विभाजक १, २ आणि ३. त्यांची बेरीज पुन्हा ६. २८ बाबतही तसेच घडते. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. म(न) ही मूळ संख्या असेल, तर तिला २ च्या (न − १)-व्या घाताने गुणले असता परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिड यांनी 'एलिमेंट्स'च्या नवव्या खंडात सिद्ध केले. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच रूपाची असते, हा व्यत्यास अठराव्या शतकात ऑयलर यांनी सिद्ध केला. परिणामी परिपूर्ण संख्यांचा शोध आणि म(न) या रूपाच्या मूळ संख्यांचा शोध हे एकच कार्य होऊन बसले.

न ही संख्या संयुक्त असेल तर म(न) संयुक्तच असते. मात्र न मूळ असल्याने म(न) मूळ ठरेलच असे नाही. म(११) म्हणजे २०४७ ही संख्या २३ × ८९ अशी फुटते, हे १५३६ मध्ये हुडाल्रिकस रेगियस यांनी दाखविले. इटलीतील पिएत्रो कातालदी यांनी १५८८ पर्यंत म(१७) व म(१९) या मूळ असल्याची प्रत्यक्ष भागाकाराने खात्री करून घेतली. याखेरीज २३, २९, ३१ आणि ३७ या घातांकांसाठीही त्यांनी तसाच दावा केला. त्यांपैकी केवळ ३१ चा दावा खरा निघाला. म(२३) ला ४७ ने व म(३७) ला २२३ ने निःशेष भाग जातो, हे १६४० मध्ये फर्मा यांनी दाखवून दिले. त्यांच्या हाती एक नवे साधन होते. न ही विषम मूळ संख्या असेल, तर म(न) च्या प्रत्येक विभाजकाला २न ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे, हे ते साधन. ११ साठी २२ च्या पटीत १ मिळविले की २३, ४५, ६७, ८९ असे उमेदवार मिळतात, आणि त्यांतील पहिला व चौथा खरोखरच २०४७ चे विभाजक आहेत.

मर्सेन यांचे विधान

मरँ मर्सेन (१५८८-१६४८) हे पॅरिसमधील मिनिम या ख्रिस्ती संप्रदायाचे सदस्य होते. विद्वत्पत्रिका अस्तित्वात नसलेल्या त्या काळात युरोपातील विद्वानांचा पत्रव्यवहार त्यांच्यामार्फत चाले. फर्मा, देकार्त यांसारख्यांचे विचार त्यांच्याकडून इतरांपर्यंत पोहोचत. १६४४ मध्ये प्रकाशित झालेल्या 'कोगिताता फिजिको-मॅथेमॅटिका' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी असे प्रतिपादन केले की, २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरांसाठीच म(न) मूळ असते, इतर सर्वांसाठी ती संयुक्त असते.

म(२५७) ही संख्या अठ्ठ्याहत्तर अंकी आहे. ती कोणीही तपासलेली असणे त्या काळी शक्य नव्हते. लक्षणीय बाब अशी की, पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे किंवा नाही हे ठरविण्यास सारा काळही अपुरा पडेल, अशा आशयाचे विधान मर्सेन यांनी त्याच ग्रंथात केले आहे. म्हणजेच आपल्या यादीची पडताळणी होऊ शकत नाही, याची त्यांना जाणीव होती. तरीही यादी टिकली, कारण ती खोडून काढण्याचे साधनही कोणाजवळ नव्हते. या रूपाच्या संख्यांना पुढे 'मर्सेन संख्या' हे नाव पडले. ज्यांनी यादी दिली परंतु सिद्धता दिली नाही, त्यांचेच नाव संख्यांना चिकटले, ही गोष्ट अधिकारवाणीच्या सामर्थ्याविषयी पुरेशी बोलकी आहे.

ऑयलर आणि भागाकाराची परिसीमा

यादीतील म(३१), म्हणजे २१४७४८३६४७, ही संख्या मूळ असल्याचे ऑयलर यांनी १७७२ मध्ये सिद्ध केले. तिचे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे येते. तोवरच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहायचे म्हटल्यास सुमारे ४,८०० भागाकार करावे लागतील. ऑयलर यांनी फर्मा यांचा नियम पुढे नेऊन असे दाखविले की, या संख्येच्या मूळ विभाजकास २४८ ने भागले असता बाकी १ किंवा ६३ उरली पाहिजे. या चाळणीतून शंभराहूनही कमी उमेदवार शिल्लक राहतात. बुद्धीने श्रम कसे वाचवावेत, याचा हा नमुना होय.

तथापि पद्धत मूलतः भागाकाराचीच राहिली. १८११ मध्ये इंग्लंडमधील पीटर बार्लो यांनी लिहिले की, म(३१) पासून मिळणारी परिपूर्ण संख्याच बहुधा कायमची सर्वांत मोठी ठरेल, कारण अशा संख्या कुतूहलाच्या असल्या तरी उपयोगाच्या नाहीत व याहून मोठी शोधण्याचा प्रयत्न कोणी करणार नाही. बार्लो यांचे भाकीत चुकले. मात्र भागाकारापुरते पाहिल्यास त्यांचा अंदाज निराधार नव्हता. म(१२७) साठी ऑयलर यांच्या रीतीने उमेदवार निवडले तरी त्यांची संख्या सुमारे अडीच कोटी अब्ज भरते. दर मिनिटास एक याप्रमाणे अखंड भागाकार केल्यास सुमारे ४,९०० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते.

१८७६ : ल्यूका यांची कसोटी

ही कोंडी एदुआर ल्यूका (१८४२-१८९१) या फ्रेंच गणितज्ञांनी फोडली. 'हनोईचा मनोरा' या कोड्याचे जनक म्हणून ते अनेकांना परिचित असतात. विभाजक शोधण्याचा नाद सोडून त्यांनी संख्येची परीक्षा वेगळ्या अंगाने घेतली. त्यांची मूळ मांडणी फिबोनाची क्रमिकेवर आधारलेली होती. अमेरिकन गणितज्ञ डेरिक हेन्री लेमर यांनी १९३० मध्ये तिला पूर्ण सिद्धतेसह जे सुटसुटीत रूप दिले, ते पुढीलप्रमाणे सांगता येते. ४ पासून आरंभ करावा. प्रत्येक वेळी हाती असलेल्या संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करावे आणि येणाऱ्या संख्येला म(न) ने भागून बाकी तेवढी ठेवावी. न ही विषम मूळ संख्या असताना, ही कृती न − २ वेळा केल्यावर बाकी शून्य उरली तर म(न) मूळ, अन्यथा संयुक्त.

उदाहरणार्थ, म(५) म्हणजे ३१ घेऊ. येथे कृती तीन वेळा करायची आहे. ४ वरून १४ मिळतात. १४ वरून १९४ येतात व ३१ ने भागल्यावर बाकी ८ उरते. ८ वरून ६२ येतात आणि ३१ ने भागल्यावर बाकी शून्य उरते. म्हणून ३१ मूळ. आता म(११) म्हणजे २०४७ घेऊ. आरंभीच्या ४ नंतर नऊ वेळा कृती केल्यास क्रमाने १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि १७३६ हे अंक मिळतात. अखेरीस शून्य आले नाही, म्हणून २०४७ संयुक्त. या संपूर्ण आकडेमोडीत २३ आणि ८९ यांचे दर्शन कोठेही होत नाही. संख्या फुटते हे कळते, पण कशी फुटते हे कळत नाही.

म(१२७) साठी ही कृती केवळ १२५ वेळा करावी लागते. प्रत्येक पायरीवर एकोणचाळीस अंकी संख्येचा वर्ग करण्याचे कष्ट आहेतच, परंतु हजारो कोटी वर्षांच्या तुलनेत ते मानवी आवाक्यातले आहेत. द्विमान पद्धतीत ही आकडेमोड बुद्धिबळासारख्या चौकटींच्या पटावर सोंगट्या मांडून करण्याची युक्तीही ल्यूका यांनी योजिली होती. १८७६ मध्ये त्यांनी दोन निष्कर्ष जाहीर केले. पहिला असा की, म(१२७), अर्थात १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७, ही मूळ संख्या आहे. दुसरा असा की, मर्सेन यांनी मूळ म्हणून सांगितलेली म(६७) ही संयुक्त आहे. एकाच वर्षी, एकाच विचारसरणीने यादीतील एक नोंद खरी ठरली आणि दुसरी खोटी.

शून्य बाकी आणि अशून्य बाकी

या दोन निष्कर्षांत एक सूक्ष्म भेद आहे आणि तो प्रस्तुत निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १२५ पायऱ्यांच्या अखेरीस एकोणचाळीस अंकी बाकीच्या जागी नेमके शून्य यावे, हे आकडेमोडीतील चुकीने घडण्याची शक्यता नगण्य असते. शून्य स्वतःच आपली साक्ष देते. याउलट शून्याखेरीज अन्य बाकी उरली, तर ती संख्येच्या संयुक्तपणामुळे उरली की मधल्या एखाद्या हातच्याच्या चुकीमुळे, हे त्या बाकीकडे पाहून सांगता येत नाही. चुकलेले गणित आणि संयुक्त संख्या यांचे बाह्यरूप एकच असते. म्हणून म(६७) विषयीचा निष्कर्ष तर्कदृष्ट्या निर्दोष असूनही, तो मान्य करणे म्हणजे ल्यूका यांच्या आकडेमोडीवर विश्वास ठेवणे होते. मर्सेन यांच्यावरील विश्वासापेक्षा हा विश्वास अधिक सकारण होता, परंतु तो विश्वासच होता.

हा विश्वास अनावश्यक करण्याचे कार्य कोलंबिया विद्यापीठातील फ्रँक नेल्सन कोल यांनी केले. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत त्यांनी पुढील समानता सादर केली : म(६७) = १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ = १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. ई. टी. बेल यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार कोल यांनी फळ्यावर एका बाजूस २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केले, दुसऱ्या बाजूस गुणाकार मांडला, दोन्ही उत्तरे जुळली आणि ते एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले. हे अवयव शोधण्यास तीन वर्षांचे रविवार लागले, असे त्यांनी आपल्याला सांगितल्याचेही बेल नमूद करतात. बेल यांची कथनशैली रंगतदार असल्याने तपशिलाबाबत सावधगिरी बाळगणे इष्ट. अवयवांबाबत मात्र सावधगिरीची गरजच नाही. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही तो गुणाकार थोड्या वेळात पडताळू शकतो. शोधास तीन वर्षे आणि पडताळणीस काही मिनिटे, ही विषमता पुढील शतकात मध्यवर्ती ठरणार होती.

यादीचा निकाल

मर्सेन यांनी केलेल्या चुका एवढ्यावर थांबल्या नाहीत. रशियातील ग्रामीण धर्मगुरू इव्हान पेर्वुशिन यांनी १८८३ मध्ये म(६१) ही एकोणीस अंकी संख्या मूळ असल्याचे दाखविले. ती यादीत नव्हती. आर. ई. पॉवर्स यांनी १९११ मध्ये म(८९) आणि १९१४ मध्ये म(१०७) यांची भर घातली. यादीतील शेवटची म(२५७) संयुक्त असल्याचा निष्कर्ष लेमर यांनी काढला. उरलेल्या घातांकांची तड लावण्यात होरेस उहलर यांचा मोठा वाटा होता आणि १९४७ मध्ये संपूर्ण यादीचा निकाल लागला. शुद्ध यादी अशी : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६१, ८९, १०७, १२७. मर्सेन यांच्या यादीत ६७ व २५७ या दोन नोंदी चुकीच्या होत्या, तर ६१, ८९ व १०७ या तीन गळालेल्या होत्या.

२५७ पर्यंत एकूण ५५ मूळ घातांक येतात. त्यांपैकी ५० बाबत मर्सेन यांचे म्हणणे बरोबर निघाले. आपल्या परीक्षापद्धतीत हे घवघवीत यश ठरेल. गणितात मात्र सिद्धतेविना बरोबर आलेल्या पन्नास उत्तरांमुळे एक्कावन्नाव्या उत्तराविषयी काहीच खात्री मिळत नाही. कोणती पाच चुकीची हे कळण्यासाठी सर्व पंचावन्न तपासावी लागली आणि त्यास ३०३ वर्षे लागली. अर्थात यादी निष्फळ ठरली असेही म्हणता येणार नाही. तिने प्रश्न निश्चित शब्दांत मांडला आणि ऑयलर, ल्यूका, लेमर यांना त्याने कामाला लावले.

यंत्रांचे आगमन

म(१२७) हा ज्ञात मूळ संख्यांतील उच्चांक पंचाहत्तर वर्षे टिकला. १९५१ मध्ये फेरिए यांनी यांत्रिक गणनयंत्राच्या साहाय्याने एक चव्वेचाळीस अंकी मूळ संख्या शोधली. त्याच वर्षी केंब्रिज येथील मिलर व व्हीलर यांनी एडसॅक या संगणकावर एकोणऐंशी अंकी मूळ संख्या मिळविली. ती म(१२७) च्या वर्गाला १८० ने गुणून १ मिळविले असता येते. म्हणजे संगणकाने मिळविलेला हा उच्चांकही ल्यूका यांनी हाताने सिद्ध केलेल्या संख्येच्या खांद्यावर उभा होता. ३० जानेवारी १९५२ रोजी राफाएल रॉबिन्सन यांच्या आज्ञावलीने लॉस एंजेलिस येथील स्वॅक या संगणकावर म(५२१) आणि म(६०७) या दोन मूळ संख्या एकाच दिवशी दिल्या. कसोटी ल्यूका-लेमर यांचीच होती.

१९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी सुरू केलेल्या 'गिम्प्स' या सहकारी प्रकल्पात जगभरातील स्वयंसेवकांचे संगणक या शोधात गुंतले. ऑक्टोबर २०२४ मध्ये या प्रकल्पातून म(१३६२७९८४१) ही ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या जाहीर झाली. एका पानावर ३,००० अंक छापले तरी तिला १३,६०० हून अधिक पाने लागतील. येथे ल्यूका यांच्या वेळची अडचण मोठ्या प्रमाणावर पुन्हा उभी राहते. कोणताही मनुष्य ही आकडेमोड तपासू शकत नाही. म्हणून ही संख्या जाहीर करण्यापूर्वी निरनिराळ्या यंत्रांवर व निरनिराळ्या आज्ञावलींनी तिची स्वतंत्र तपासणी करण्यात आली. अशून्य बाकी उरलेल्या घातांकांची दुसऱ्यांदा परीक्षा घेऊन दोन्ही बाक्या जुळतात की नाही हे पाहण्याची शिस्तही प्रकल्पाने आरंभापासून पाळली. २०२० पासून मूळ गणनेसोबत एक संक्षिप्त पुरावा तयार करण्याची पद्धत अंगीकारली गेली, ज्यायोगे सर्व गणना पुन्हा न करता ती बरोबर असल्याची खातरजमा अल्प श्रमात होते.

मूळ असल्याचे प्रमाणपत्र

कोल यांनी फळ्यावर मांडलेला गुणाकार हे संयुक्तपणाचे प्रमाणपत्र होते. मूळ असण्याचे असे प्रमाणपत्र देता येईल काय? १९७५ मध्ये वॉन प्रॅट यांनी या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर दिले. प्रत्येक मूळ संख्येसाठी असा एक लहानसा पुरावा अस्तित्वात असतो की, तो शोधणे कदाचित कठीण असले तरी पडताळणे सोपे असते, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे ऑगस्ट २००२ मध्ये कानपूर येथील आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणत्याही रूपाच्या संख्येसाठी लागू पडणारी, योगायोगावर किंवा असिद्ध गृहीतकावर न विसंबणारी आणि अंकांच्या संख्येच्या बहुपदीएवढ्या वेळात पूर्ण होणारी कसोटी मांडली. त्यांचा शोधनिबंध २००४ मध्ये 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये प्रसिद्ध झाला. मर्सेन यांच्या प्रश्नाची सैद्धांतिक बाजू अशा रीतीने भारतीय भूमीवर पूर्णत्वास गेली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, मूळ संख्या ओळखण्याच्या इतिहासातील निर्णायक टप्पा अधिक वेगाने भागाकार करण्याचा नव्हता. भागाकाराचा मार्ग सोडून प्रश्न निराळ्या रीतीने विचारण्याचा तो टप्पा होता. दोन, पडताळणी जशी सुलभ होत गेली तशी अधिकारवाणीची गरज कमी होत गेली. मर्सेन यांच्यावर विश्वास ठेवावा लागला, ल्यूका यांच्या आकडेमोडीवर ठेवावा लागला, कोल यांच्यावर ठेवण्याचे कारण उरले नाही. तीन, यंत्रामुळे हा प्रश्न संपत नाही. यंत्राचे उत्तरही पुन्हा तपासता येईल अशा स्वरूपात मांडावे लागते.

या इतिहासाला अद्याप शेवट नाही. म(२) = ३, म(३) = ७, म(७) = १२७ आणि म(१२७) या साखळीतील प्रत्येक संख्या मूळ आहे, याकडे ल्यूका यांच्या शोधानंतर यूजेन कातालाँ यांनी १८७६ मध्येच लक्ष वेधले. साखळीची पुढची कडी, म्हणजे म(१२७) हाच घातांक घेऊन तयार होणारी संख्या, मूळ आहे काय? तिच्या अंकांचीच संख्या अडतीस अंकी आहे. ती लिहून काढणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात नाही आणि ल्यूका-लेमर कसोटीही तेथे हतबल ठरते. साखळी पुढेही अशीच चालू राहील, असा अंदाज बांधण्याचा मोह होतो. परंतु मर्सेन यांच्या यादीने दिलेला धडा लक्षात ठेवायचा, तर सिद्धता हाती येईपर्यंत या प्रश्नासमोर 'अनिर्णित' एवढाच शेरा लिहिणे उचित होय.